कासिमिरोच्या गालातला चोथा

नाव फोर्तुनाता कायिसाया, वय अंदाजे साठ, धंदा लामा-मेंढ्या राखणे, राहणार वरची वाडी, चारिपाता, बोलिव्हिया. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मयत कासिमिरो माझा थोरला मुलगा. झेनॉन धाकटा. बापामागं कुरणावरून दोघांचं वाजलेलं होतं. अख्ख्या वाडीला ठाऊक आहे, मी झाकून काय उपयोग?

मंगळवारी दोघं लामांवर बटाटे लादून बाजाराला निघाले. दुपारी झेनॉन एकटाच परत आला. म्हणाला, "आई, घाटमाथ्यावर आम्ही निवांत बसलो, कोकाची ताजी पानं तोंडात टाकली, आणि उतरताना दादाचा पाय घसरला." वाडीतल्या माणसांनी दरीतून प्रेत आणलं.

प्रेताला आंघोळ मी घातली. गालात कोकाच्या पानांचा चोथा निघाला. चघळून चघळून पार भुगा झालेला. ताजं पान एकही नाही.

इथले हवालदारसाहेब हसले. "अहो आजी, चोथ्यावरून कुणाला धरायचं का?" हसा खुशाल! माथ्यावर दगडांची रास आहे. चढून आलेला माणूस तोंडातला चोथा काढून राशीवर ठेवतो, शीण तिथंच सोडतो, मगच नवी पानं घेतो. कासिमिरो एकवेळ मला विसरला असता, हे विसरला नसता. म्हणजे माझं लेकरू माथ्यावर पोचलंच नाही. मग झेनॉन निवांत बसला कुणाबरोबर? माथ्याच्या अलीकडे आहे ते आमचं कुरण.

झेनॉनला मी विचारलं. तो खेकसला, "मेलेल्याचं तोंड कशाला उचकटतेस? दादा घाईत होता, विसरला असेल." आधी निवांत, मग घाई.

माती देण्याआधी त्यानं सगळ्यांना पानं वाटली. माझ्यापुढंही पिशवी धरली. आमच्यात पान नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मी हात पुढं केला नाही. तेव्हापासून तो माझी पाठ सोडत नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू? अपघाताच्या कागदावर अंगठा द्यायला तोच मला इथं घेऊन आला. बाहेर बाकावर बसलाय. दोनदा डोकावून गेला. त्या कागदावर मी अंगठा देणार नाही.

हा जबाब मला माझ्या आयमारा बोलीत ऐकवला. मी बोलले तसाच उतरवला आहे, म्हणून याच्यावर अंगठा देते. खाली आणखी एवढं लिहा. परतीची वाट त्याच घाटानं आहे, मला त्याच्याबरोबर पाठवू नका. आणि त्याला मारझोड करू नका. सकाळपासून उपाशी आहे तो.