लेकीच्या घड्याळातली साखर

मी मूळचा दारव्ह्याचा, यवतमाळकडचा, पण लखनौले येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, सरकारी कंपनीत स्टोअरमध्ये लागलो तेव्हा एक पेटी घेऊन चारबाग स्टेशनले उतरलो, मग लग्न, मग वृंदावन योजनेतलं घर, मग आमची शर्वरी, एकुलती एक. ती अकरा वर्षांची असताना, काय सांगू तुम्हाले, पंधरा दिवसांत पोरगी वाळून काटकी झाली, सारखी पाणी पिऊन राहिली होती, दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले हिले शुगर आहे, इन्सुलिन जन्मभर घ्यावं लागेल. मी म्हटलं लेकरायले कुठं शुगर होते. होते म्हणे.

तेव्हापासून मी तिचा पहारेकरीच झालो. पोळ्या किती खाल्ल्या, सुई घेतली का, केक कोणाले विचारून घेतला, मैत्रिणींसमोरही विचारायचो. कॉलेजात गेल्यावर तिनं दंडावर ते साखर मोजणारं सेन्सर लावलं, नाण्याएवढं असते, त्याचा आकडा फोनवर दिसते, हातातल्या घड्याळातही दिसते, अन् त्याच्याच भरवशावर पोरगी धावायले लागली. आधी पाच किलोमीटर, मग एकवीस, अन् मग म्हणे, बाबा, पूरी मैराथन दौड़ूँगी. मराठी सगळी समजते तिले, बोलते मात्र हिंदीतच. आकडा खाली चालला की कमरेच्या पट्ट्यातली ग्लुकोजची गोळी चघळायची, न थांबता, धावता धावता. पाहूनच मले धडकी भरे.

मागच्या हिवाळ्यात तिच्याजवळचं एक सेन्सर मुदत संपायले आलं होतं, फेकायचं कायले म्हणून तिनं गमतीनं माझ्या दंडावर चिकटवलं, माझ्या फोनवर ॲपही तिनंच टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी रविवार, कचोरी-जलेबीचा नाश्ता केला अन् तासाभरानं पाहतो तर दोनशे नव्वद. मी. ज्याले कधी साधा ताप येत नव्हता तो मी. पोरगी विचारे कितना आया, मी म्हटलं मशीन खराब दिसते. मग लपून विकास नगरच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं, तर तेच निघालं. डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या, बजावलं की ही गोळी घेतली की खाणं चुकवायचं नाही, नाहीतर साखर एकदम खाली जाईल. गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, नवं सेन्सर त्याच ॲपले जोडून फुल बाहीच्या आत, अन् घरी बायकोलेही पत्ता नाही. लाज वाटे हो, दुसरं काय. इतकी वर्षं जिले टोकलं तिले कोणत्या तोंडानं सांगू.

मॅरेथॉनच्या दिवशी तिच्या काळजीनं माझ्या घशाखाली घास उतरला नाही, गोळी मात्र सवयीनं घेतली गेली. आकडा घसरला की ॲप वाजते, म्हणून फोनचा आवाज बंद करून ठेवला होता, भांडं फुटायले नको. बायकोचा गुडघा दुखत होता, ती घरीच, मी एकटाच शेवटच्या रेषेजवळ उभा, खिशात शर्वरीनं ठेवायले दिलेल्या तिच्या जास्तीच्या ग्लुकोजच्या गोळ्या. अन् मले घाम सुटला. वाटलं ऊन लागून राहिलं. ऊन कुठलं हो, धुकं होतं. येणाऱ्यांच्या छातीवरचे नंबर वाचता येईनात, पाय आपले वाटेनात. तेवढ्यात हातातला फोन थरथरला, शर्वरीचं नाव, मले वाटलं पडली पोरगी, संपलं सगळं. उचलला तर ती धापा टाकत होती.

बाबा, बैठ जाओ, वहीं ज़मीन पर. जेब में हाथ डालो. तीन गोली निकालो और चबाओ.

मी म्हटलं तुले काय झालं, तू कुठं आहे.

मुझे कुछ नहीं हुआ. आपका बावन है.

बसलो खाली, चघळल्या गोळ्या. ती एकतिसाव्या किलोमीटरवर रस्त्याच्या कडेले थांबली होती, बाकीचे तिच्याजवळून पुढं निघून जात होते, अन् ती घड्याळात माझा आकडा पाहत उभी. सत्तरच्या वर गेला तेव्हाच तिनं फोन ठेवला. पाच तासांच्या आत यायचं म्हणून चार महिने झटली होती पोरगी. आठ मिनिटं उशिरा आली.

तेव्हा समजलं, ॲप टाकतानाच तिनं माझा आकडा तिच्या फोनवर जाईल असं करून ठेवलं होतं. म्हणजे तीन महिने तिले सगळं दिसत होतं, ऑफिसातला समोसा, लग्नातले दोन लाडू, सगळं. मी विचारलं, मग बोलली कायले नाही. बुटाच्या नाड्या सोडत होती, मान वर न करता म्हणाली, ग्यारह साल आपने मुझे हर निवाले पर टोका है, बाबा. मुझे पता है कैसा लगता है.

मले वाटे मी तिले जपून राहिलो.

आता अर्ध्या बाहीचा शर्ट घालतो, बायकोलेही सांगून टाकलं. डॉक्टरले विचारून गोळी बदलली, परवा दहा किलोमीटरच्या स्पर्धेत उतरलो, निम्मं चालतच, पण पूर्ण केलं. शर्वरीचा सराव पुन्हा सुरू आहे. ती निघाली की अजूनही ओठावर येते, काय खाल्लं, किती खाल्लं. गिळून घेतो. म्हणतो, जा बाई, सुखानं जा, सुखानं ये. सगळ्यांच्या लेकरायचे पाय असेच धावते राहो, अन् आम्हा बापायची जीभ जराशी आवरलेली राहो, एवढंच.