लखनौला मराठी लागत नाही

मी मूळची तासगावची, सासरही तिथनं जवळच, आणि लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली तेरा गावाकडं सासूजवळ काढली आणि ही चार इथं लखनौला, बख्शी का तालाबला. आमचे हे एअर फोर्समध्ये आहेत. मी क्वार्टरवरच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, पंजाबी, बंगाली, सगळ्या बायका येतात, सगळ्यांशी हिंदी. पोरं तर घरातसुद्धा हिंदीच, मी म्हणते जेवायला या रे, ते म्हणतात आ रहे हैं मम्मी. दिवसभरात मराठी कानावर पडायचं ते टीव्हीवरच्या मालिकेत, अर्धा तास, तेवढंच माझं माहेर म्हणा की.

मागच्या वर्षी मामा वारले, म्हणजे माझे सासरे, तशा आत्या आमच्याकडं राहायला यायच्या ठरल्या. सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात. बाई वाईट नाही हो, खोटं कशाला बोलू, पण मालिका बघताना तोंड म्हणून गप्प राहायचं नाही. बघ, सून असावी तर अशी. बघ, कशी सासूच्या पायाशी बसलीय. तेरा वर्षं ऐकलं मी हे. आता मालिकेतली सून ती, तिला ना धुणं ना भांडी, भरजरी साडी नेसून पायाशी बसायला तिचं काय जातंय! तर मी काय केलं, त्या यायच्या आधीच डिशवाल्या भैयाला सांगून मराठी चॅनेल बंद करून टाकलं. यांना सांगितलं, मुलांच्या अभ्यासाला बरं. आणि आत्यांना सांगितलं, लखनौला मराठी लागत नाही.

त्यांनी मानलं. आणि मी? मी मशीनवर बसून मोबाइलवर बघायची, कानात वायर घालून, मोबाइल कापडाच्या घडीआड. समोर खाटेवर आत्या. त्यांना हिंदी कळत नाही, शेजारीण नमस्ते माताजी म्हणाली की नुसत्या हसायच्या. पोरं शाळेतनं आली की खेळायला पळायची. काय सांगू तुम्हाला, ती बाई नुसती बसून बसून दिवस काढायची, आणि मी मनाशी म्हणायची, उद्या चालू करू, उद्या चालू करू. पाच महिने उद्या उद्या केलं.

मग त्यांनीच वाट काढली. गावाकडं त्यांची धाकटी बहीण आहे, हिरामावशी, ती रोज दुपारी फोनवर कालचा भाग सांगायला लागली. फोन स्पीकरवर, कारण दोघींनाही कमी ऐकू येतं. एक दिवस आत्या मटार सोलत होत्या, मी ब्लाऊजला हुक लावत होते, आणि मावशी तिकडनं सांगतेय, सुनेला घराबाहेर काढली बघ. आणि माझ्या तोंडातनं गेलं, काढली नाही हो, आईला बरं नाही म्हणून माहेरी गेलीय ती.

झालं. सुई हातात तशीच. मावशी तिकडनं हॅलो हॅलो करतेय. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनवरच्या वायरीकडं बघितलं, फोन ठेवला आणि म्हणाल्या, मटार झाले, कुठं ठेवू? भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते.

आठ दिवसांनी लेकाला म्हणाल्या, मला गावाला सोड, इथली थंडी सोसत नाही. होळी तोंडावर आलेली, घरात पंखे लागलेले, थंडी कुठली! माझं खोटं झाकायला बाई खोटं बोलल्या. चारबाग स्टेशनवर गाडीत बसवून दिलं तेव्हा पायाला हात लावला, आत्या, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं, पण शेजारी हे उभे, धीर नाही झाला. त्या म्हणाल्या, सुखी राहा, पोरांना मराठी बोलायला लाव.

आता चॅनेल चालू आहे, मीच करून घेतलं. आणि आत्या रोज मालिका संपली की फोन करतात, म्हणतात, तुमच्याकडं लागत नाही ना, म्हणून सांगते. आणि पहिल्यापासून सगळं सांगतात, कोण काय बोललं, कुणी कुठली साडी नेसली. रागानं सांगतात की मायेनं, देवाला ठाऊक, मला अजून कळलेलं नाही. मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि हं, हं करत ऐकते. आत्या, मी बघितलंय, असं म्हणायला रोज तोंड उघडते, आणि विचारते, मग पुढं काय झालं?