काकाची लिफ्ट

हासू नका बे, माही ट्रायथलॉन दिनूकाकाच्या मोटरसायकलसंगं पुरी झाली.

माह्या मायले शेवटच्या दुखण्यात ज्या शुश्रूषा केंद्रानं सांभाळलं, त्याच्यासाठी पैसे जमवाचे होते; मी शर्यत पुरी केली तं लोक देणगी देणार होते. पोहणं झालं, सायकल झाली, जानेफळच्या रस्त्यानं पळून राह्यलो होतो. शेजारचे दिनूकाका गाडी थांबवून म्हणे, "बस मांगं."

"नाही काका, पळूनच जा लागते."

"काऊन? माह्या गाडीवर बसाले लाज वाटते?"

"बसलो तं केंद्राले पैसे भेटत नाहीत."

काकानं गाडी बंद केली अन् ढकलत माह्यासंगं पळाले लागले. "तू पळशीन अन् मी गाडीवर, बरं दिसते का?"

शेवटच्या रेषेवर लोकाईनं टाळ्या वाजवल्या. आयोजकानं विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

काका धापा टाकत म्हणे, "याले सोडाले आलतो."