आधी हात लावा

त्या शनिवारी सकाळी मी ओसरीवर मेथी निवडत होते. हे समोर बसून माझ्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात वाळलेली पानं भरत होते, दुसऱ्या दिवशी टेकडीवर लोकांना दाखवायला. मी म्हटलं, "त्या डब्याले मिरचीचा वास येते. लोक शिंकतीन." हे म्हणाले, "शिंकू दे. झोप तं उडन."

मंडळी, वाफ्यातली, बाजारातली कामं टाकून तुम्ही एवढे सगळे आलात. मी चार माणसांसमोर कधी बोललेली नाही. मधेच अडले तर थोडं थांबा, मी पुन्हा सुरू करीन.

गावाबाहेरची टेकडीवरची बाग तुमची पाहिलेली आहे. दर रविवारी सात वाजता हे फाटकाशी उभे राहायचे आणि येईल त्याला पायवाटेनं फिरवून आणायचे. जन्मभर भाजी पिकवणारा माणूस. झाडांची माहिती कुठून शिकला? माझ्याकडून. माझी शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचन मी पुड्यांच्या कागदांवर शिकले. मग वाचनालयातून झाडांचं पुस्तक आणलं. रोज संध्याकाळी मी वाचायची, हे ऐकायचे.

एकदा पुस्तकाची दोन पानं वरणानं चिकटली. वरण माझंच. मला कळलंच नाही. सुरुवात ऐनाच्या झाडापासून केली आणि पुढे माहिती अर्जुनाची वाचली. पुढे वर्षभर हे ऐनाच्या त्या सुसरीच्या पाठीसारख्या सालीवर हात फिरवत सांगायचे, याची साल गुळगुळीत असते, पांढरी असते. लोक माना हलवायचे! शेवटी एका बाईंनी विचारलं, "काका, तुमच्या हाताले हे गुळगुळीत लागून राह्यलं का?"

घरी येऊन हे इतके हसले की बशीतला चहा सांडला. मला मात्र रडू आलं. पुढच्या रविवारी त्याच झाडाखाली उभं राहून यांनी सगळ्यांची माफी मागितली. म्हणाले, मी चुकलो. माझं नाव घेतलं का? नाही घेतलं. आज मीच घेते. चूक माझी होती. तेव्हापासून यांचा नियमच झाला. आधी हात लावा, मग नाव विचारा.

त्या शनिवारी डब्याचं झाकण लावताना यांनी नेहमीचंच म्हटलं, "अवं, उद्या तू सांगजो. मी मागं मागं येतो."

"मले नाई जमत. पुन्हा पानं चिकटली तं?"

"चिकटू दे. झाड तं तिथंच हाय."

दुपारी हे मेथीच्या वाफ्यात बसले, ते उठलेच नाहीत. संध्याकाळी घाटावर सगळं आटोपलं.

त्यानंतरच्या सकाळबद्दल तुमच्या कानावर बरंच आलं असेल. माझ्या नणंदबाई इथेच बसल्या आहेत. त्या मला म्हणाल्या, "वैनी, एक दिवस बी नाई झाला. काऊन गेल्या टेकडीवर?" तोंडावर विचारलं, बरं केलं. आज सांगते. समुद्रपूरहून पहिल्या एसटीनं चौघं उतरल्याचं मला सकाळीच कळलं होतं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते फाटकाशी यांची वाट पाहत होते.

आता शेवटचं एवढंच सांगून मी बसते. मग आपण सगळेच यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहू.

त्या रविवारी सकाळी मी तो मिरचीच्या वासाचा डबा घेऊन फाटकाशी गेले आणि चौघांना ऐनापर्यंत नेलं. त्यांनी आधी हात लावला. मग मी नाव सांगितलं.