शेवटी वडील परत येतात

माझ्या सिनेमाचं काय झालं, असं विचारताय ना? ऐका तर.

आमच्या गावातलीच, आचऱ्यातली गोष्ट लिहिली होती मी. होडी घेऊन गेलेले वडील परत येत नाहीत आणि आई मासे विकून दोन मुलांना वाढवते. मुंबईच्या स्टुडिओतल्या मॅडमनी सगळी स्क्रिप्ट शांतपणे ऐकली, दोनदा डोळेही पुसले. मग म्हणाल्या, "छान आहे. पण हा घरच्यांनी मुलाबाळांसकट बघायचा सिनेमा आहे. शेवटी वडिलांना परत आणा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते नाही आले हो, मॅडम."

"माहितीय, स्क्रिप्टमध्ये नाही येत. म्हणून तर सांगतेय."

बाबांची होडी परत आली नाही तेव्हा मी सातवीत होतो, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. विचार करतो म्हणालो आणि गावी आलो.

आई पडवीत सुकट निवडत बसली होती. "काय सांगल्यानी रे?"

"बाबा शेवटाक परत येवक व्हये म्हणतत."

मला वाटलं, ती चिडेल. तिचे हात तेवढे थांबले. म्हणाली, "मगे परत हाड तेंका. सिनेमात तरी घराक येवंदेत."

पुन्हा सुकट निवडता निवडता तिनं हळूच विचारलं, "आणि घरात इल्यार पयलां काय बोलतले रे?"

दोन महिने झाले. बाकी सगळी स्क्रिप्ट बदलून झालीय. बाबांचं ते पहिलं वाक्य मात्र मला अजून लिहिता आलेलं नाही.