आप्पा आणि सोतर्नची वाइन

गोठलेल्या द्राक्षांच्या आइसवाइनचं काय घेऊन बसलात, आमच्या आप्पांची गंमत ऐका. २०१७ साली ते माझ्याकडे कॅनडात रिचमंड हिलला आले होते. निफाडला चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. आई गुडघ्यांमुळे गावीच राहिली होती.

एका संध्याकाळी माझा मॉन्ट्रियलचा बॉस जेवायला आला, तो फ्रान्समधल्या सोतर्नची जुनी गोड वाइन घेऊन. म्हणाला, "या इस्टेटीत कित्येक पिढ्या हेच करतात. बुरशीनं रस आटून गोडी वाढते, म्हणून द्राक्षांना ती लागायची वाट बघतात, मग एकेक मणी हातानं खुडतात."

मी ते आप्पांना मराठीत सांगितलं.

"वाट बघतात? अगं, बुरशी येऊ नये म्हणून आम्ही जन्मभर फवारण्या केल्या!"

मग त्यांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. म्हणाले, "आईला फोन लाव."

निफाडला पहाट होती. आईनं घाबरूनच विचारलं, "अहो, बरे आहात ना?"

"बरा आहे. ऐक. आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसानं बुरशी लागून अख्खी बाग सडली, आठवतं? मी घड तोडून फेकत होतो, आणि तू त्यातला एक मणी खाऊन म्हणालीस, गोड लागतोय. किती ओरडलो होतो मी तुझ्यावर. तुझंच खरं होतं गं."

आप्पांचे डोळे भरून आले होते.

मग आई म्हणाली, "एवढं बोलायला तुम्हाला कॅनडाला जावं लागलं होय?"