तळ्यातल्या तलवारीचं तेल

वडूज-सांगली एसटीत माजी सुभेदार हिंदुराव नातीची गोष्ट ऐकत होते. पुढच्या बाकावरचा महेंद्र, नुकताच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, कान मागे लावून बसला होता.

“आन् शंभर वर्षं तळ्याच्या तळाशी पडलेली वीजधार तलवार राजकन्येनं उचलली. ती लखलखली!”

“गंज न्हाई चढला?”

“आवं आबा, जादूची हाय!”

“म्हणून साफसफाई माफ? आमच्यात रायफल पुसली न्हाई, तर ती डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लागायच्या.”

“आज विश्रामबागेत ‘माझी आवडती जादूची तलवार’ सांगायची स्पर्धा हाय, आन् तुमी आत्ता खोड काढताय!”

“परीक्षकानं इचारलं तर तिथं रडशील, राही.”

राही खिडकीबाहेर बघत गोष्ट जुळवू लागली. तासगाव मागं पडलं.

“आबा, एक म्हातारी मासोळी रोज तिला तेल लावायची!”

पाण्यात तेल वर तरंगतं, हे सांगायला महेंद्र वळला. राहीचा चेहरा उजळला होता.

“कुठलं तेल?” त्यानं विचारलं.

“करडीचं!”

“झ्याक!” हिंदुराव म्हणाले. “पण शंभर वर्षं एकटीच? तिला सुट्टी कवा? ड्यूटी बदलायला दुसरी मासोळी घाल.”